वचन आणि परतफेड

मत्तय ४:१७ येथें प्रभूनें ज्या शब्दानें आपल्या उपदेशास आरंभ केला, त्याच शब्दावरून सोळाव्या शतकांत इंग्लंडांत मोठा वाद माजला. जुन्या लॅटिन भाषांतरास धरून धर्मगुरु त्याचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा सांगत. विल्यम टिंडल ह्यांनीं १५२६ सालीं मूळ ग्रीकवरून नवा करार इंग्रजींत छापविला, तेव्हां तेथें ‘पश्चात्ताप करा’ असें घातलें. सर थॉमस मोर ह्यांस तें मुळींच रुचलें नाहीं. ह्या दोहोंतील अंतर मराठी माणसास फोड करून सांगावयास नको. एक नेमून दिलेलें कर्म, दुसरा अंतःकरणाचा पालट.

पण तो पालट मनांतल्या मनांतच राहिला तर? जक्कय तसा राहिला नाहीं. ज्यास नाडलें त्यास चौपट परत देण्यास तो उभा राहिला (लूक १९:८). ह्यू लॅटिमर ह्यांनीं हेंच परतफेडीचें सूत्र धरिलें. राजा सहावा एडवर्ड व त्याचे दरबारी ह्यांच्यासमोर उपदेश करितांना, लबाडीनें घेतलेलें परत करा, असें ते रोखठोक सांगत. (सरकारी पैसा खाणें हें पाप नव्हेच, असें मानणारे लोक तेव्हांही पुष्कळ होते.)

त्यांचा उपदेश जॉन ब्रॅडफर्ड ह्यांनीं ऐकिला. सैन्याच्या पगाराचे हिशेब त्यांच्या हातून जात, व त्यांत राजाच्या पैशाची अफरातफर झाली होती. ती रक्कम परत होईपर्यंत त्यांच्या जिवास चैन पडलें नाहीं. पुढें ते स्वतः उपदेशक झाले, आणि पश्चात्तापाविषयींचें त्यांचें प्रवचन १५५३ सालीं छापून निघालें. मूळ वचन तेंच, मत्तय ४:१७. झाल्या पापाचें दुःख, क्षमेवर भरंवसा आणि सुधारण्याचा निश्चय, असा त्यांनीं त्या एका शब्दाचा अर्थ उलगडला. हिशेबाच्या वहीसमोर ज्यानें रात्री तळमळून काढिल्या, त्याच्या तोंडीं हें वचन उसनें वाटत नाहीं. मेरी राणीच्या अमलांत, १५५५ सालीं, ह्या दोघांही उपदेशकांस जिवंत जाळण्यांत आलें.

राजापुढील आपल्या १५५० च्या प्रवचनांत लॅटिमर ह्यांनीं हिशेबच मांडिला: पहिल्या उपवासकाळांत २० पौंड परत आले, दुसऱ्यांत ३२०, तिसऱ्यांत १८० पौंड १० शिलिंग. ही शेवटची रक्कम त्यांनीं राजाच्या मंत्रिमंडळाच्या हवालीं केली. पैसे देणारा कोण, असें त्यांस विचारण्यांत आलें. त्याचें नांव सांगण्यापेक्षां आपला गळा देऊं, असें त्यांनीं उत्तर दिलें.