उन्मादाचे सुख आणि औषधाचा मार्ग

ज्याला ताप आला त्याला तो उतरावा असे वाटते; ज्याचे हाड मोडले त्याला ते सांधले जावे असे वाटते. परंतु एक व्याधी अशी आहे की, तिचे अर्धे अंग रोग्याला प्रिय असते. वैद्यकात तिला द्विध्रुवीय मनोविकार म्हणतात. व्यवहारात ‘बायपोलर’ हा शब्द रूढ झाला आहे. या विकारात मनुष्य कधी आठवडेच्या आठवडे खिन्नतेच्या गर्तेत पडतो, तर कधी त्याचे मन एकाएकी भरारी घेते. मग दोन-तीन तासांची झोप पुरते, विचार विजेसारखे धावतात, वाणी सैल सुटते आणि अशक्य असे काहीच वाटत नाही. ज्याला महिनाभर अंथरुणातून उठण्याचे बळ नव्हते, त्याला ही अवस्था रोग वाटावी कशी? ‘दुःखाच्या वेळी औषध द्या, सुख येताच ते हिरावून का घेता?’ असा त्याचा प्रश्न असतो, आणि तो मूर्खपणाचा नव्हे.

पुष्कळ आप्त त्यावर ‘ते सुख खोटेच’ एवढे उत्तर देऊन मोकळे होतात. हे उत्तर रोग्याला पटत नाही, कारण ते खरे नसते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापिका झालेल्या के रेडफिल्ड जेमिसन यांना स्वतःलाच हा विकार. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅन अनक्वायट माइंड’ या आत्मवृत्तात त्यांनी उन्मादातील आनंदाची ओढ न लपवता सांगितली आहे. या औषधांची विद्या त्यांच्याजवळ होती, तरी लिथियम घेण्याचे त्या वर्षानुवर्षे टाळीत राहिल्या. उन्मादात त्यांनी वारेमाप खरेदी केली. तीत सर्पदंशावरील उपचारांच्या पेट्यासुद्धा होत्या! ती देणी निस्तरण्यासाठी भावाला धावून यावे लागले. पुढे खिन्नतेच्या लाटेत त्यांनी आत्मघाताचा प्रयत्न केला. त्यातून त्या वाचल्या.

या वृत्तांतातला भाऊ महत्त्वाचा आहे. उन्मादाचे सुख एकट्याने भोगले जाते, पण त्याची किंमत एकटा भोक्ता कधीच देत नाही. गहाण पडलेले घर, भलत्याच माणसाला दिलेले वचन, अपरात्री बापाला शोधणारी मुले, हा सारा हिशेब कुटुंबाच्या खात्यावर मांडला जातो. शिवाय जो ते सुख भोगतो तोच पुढे खिन्नतेत बुडतो. आजचा ‘मी’ उद्याच्या ‘मी’च्या नावावर कर्ज काढीत असतो. सुखाची पारख आरंभावरून न करता परिणामावरून करावी, ही गीतेच्या अठराव्या अध्यायातील कसोटी येथे उपयोगी पडते.

मात्र ती कसोटी निवड करणाऱ्यासाठी आहे, रोग्याला दोष देण्यासाठी नव्हे. ‘मनावर ताबा ठेवला असता तर हे झाले नसते’ हे वाक्य कितीतरी घरांत उच्चारले जाते. ज्या मनाने ताबा ठेवायचा तेच जेथे आजारी आहे, तेथे असा उपदेश करणे म्हणजे पांगळ्याला पळत जाऊन वैद्य आणण्यास सांगणे होय.

औषध सोडण्याचा मोह औषधाइतकाच जुना आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड या वैद्याने उन्मादावर लिथियमचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याचा पहिला रोगी पाच वर्षे उन्मादग्रस्त होता. तो बरा होऊन पूर्वीच्या कामावर रुजू झाला, औषधाबाबत बेफिकीर झाला आणि काही महिन्यांतच रुग्णालयात परतला. पुढे १९५० साली लिथियमच्याच विषबाधेने त्याचा अंत झाला. तेव्हा रक्तातील त्याचे प्रमाण तपासण्याची रीत रूढ नव्हती; आज ते, तसेच मूत्रपिंड व थायरॉईड ग्रंथी, वेळोवेळी तपासतात. व्रतस्थ घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: निर्जळी उपवास किंवा एकाएकी अळणी आहार यांनी हे द्रव्य शरीरात साचू शकते, म्हणून लिथियम घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून असे व्रत करू नये. जागरणानेही उन्माद चेतू शकतो. अशा माणसाला रात्रभरच्या भजनातून घरच्यांनीच सूट द्यावी. देव रागावणार नाही.

औषधाने बुद्धी बोथट होते, ही तक्रारही थट्टेवारी नेऊ नये. जेमिसन यांना लिथियममुळे दहा वर्षांहून अधिक काळ गंभीर वाचन जवळजवळ अशक्य झाले होते. पण उपाय औषध टाकण्यात नव्हता. वैद्याच्या देखरेखीखाली मात्रा कमी केली आणि ग्रंथ पुन्हा त्यांच्या हाती आले. मोगेन्स शौ या डॅनिश वैद्याने १९७९ साली लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२ जणांच्या मते त्यांची निर्मिती वाढली, ६ जणांची तशीच राहिली, ६ जणांची घटली. हे सहा जण विसरता येत नाहीत. त्यांनी काही खरोखरच गमावले होते, आणि अशा माणसाला घरच्यांनी ‘आता कसा शहाण्यासारखा वागतोस’ म्हणणे हा त्याच्या त्यागाचा अपमान आहे.

मग निर्णय कोणाचा? भरारीतल्या माणसाचा नव्हे, गर्तेतल्याचाही नव्हे, आणि कंटाळलेल्या आप्तांचाही नव्हे. ज्याने दोन्ही टोके पाहिली आहेत आणि जो आज स्थिर आहे, त्याच माणसाचा तो अधिकार. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने यासाठी वाट ठेवली आहे. प्रौढ मनुष्य स्थिर असतानाच, पुढे आजार उसळल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे लिहून ठेवू शकतो, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमू शकतो. तातडीच्या प्रसंगातील उपचार त्या लेखाने अडत नाहीत. तो कागद लिहावयास बसताना पत्नीला, भावाला जवळ बसवावे. मागच्या वेळी काय काय घडले, हे त्यांना अधिक आठवत असते.