स्लॅबसाठी घेतलेली उचल

दसरा झाला की बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, केज, पाटोदा भागातल्या गावांत दारांना कुलपं लागतात. कोयत्याची जोडी, म्हणजे नवरा-बायको, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्यावर ऊसतोडीला जाते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, कशासाठी घेतली, असं विचारलं तर लग्न आणि दवाखान्याच्या जोडीला एक उत्तर हमखास मिळतं : घरकुलाचा स्लॅब टाकायचाय.

प्रधानमंत्री आवास योजनेतून खेड्यातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. ही रक्कम 2016 सालची. तेव्हापासून वाळू, सळई, गवंड्याची मजुरी कुठल्या कुठं गेली! राज्यानं अलीकडं 50 हजारांची भर घातली, हे चांगलंच झालं. पण काम पुढं सरकल्यावर पुढचा हप्ता येणार, तोवर पदरचे घालायचे. पदरात नसतात म्हणून मुकादम.

आजोबांचं माळवद पांढरीच्या मातीनं, बाभळी-लिंबाच्या लाकडांनी आणि भावकीच्या हातांनी उभं राहिलं होतं. नातवाचं पक्कं घर मात्र त्यानं अजून न केलेल्या मजुरीवर उभं आहे. एका हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर चढते, आणि ती फेडायला कधी हाताशी आलेलं पोरगंही फडात उतरतं. घर मुलाच्या नावावर व्हायच्या आधी घराचं कर्ज त्याच्या अंगावर पडतं. याला मी वारसा म्हणणार नाही.

आणि त्या स्लॅबखाली नांदतं कोण? अर्धं वर्ष फक्त म्हातारा-म्हातारी. घराचा धनी कोपीत असतो : बांबू वाकवून रोवलेले, वर चटई आणि ताडपत्री, आत शिरायचं ते वाकूनच. न्हाणी नाही, संडास नाही. बायांना सगळं उजाडायच्या आत उरकावं लागतं. मुलांसाठी 2021 साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, ती हवीच होती. तरीही म्हाताऱ्यांना घरकुल, मुलांना वसतिगृह आणि जोडप्याला कोपी अशी एका कुटुंबाची तीन पत्त्यांवर वाटणी होते, आणि सरकारी यादीत ‘घरकुल पूर्ण’ अशी नोंद पडते.

साखर आयुक्त गाळप परवाना देताना शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्यानं ठरलेला किमान दर, थकली आहे का, ते पाहतात. तोडणी कामगारांच्या तळावर पाणी, संडास आणि उभं राहता येईल एवढ्या उंचीची खोली आहे का, हेही त्याच टेबलावर विचारलं गेलं पाहिजे, येत्या हंगामापासून.