राहून गेलेली हौस



नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला वाढलेल्या माणसाला गाड्यांचे अप्रूप राहत नाही, असे म्हणतात. रात्रंदिवस त्या डोळ्यांसमोरून जातच असतात. माझे मात्र उलटे झाले. 1985 च्या हिवाळ्यात मी सतरा वर्षांचा होतो आणि सकाळच्या वेळी राहात्याजवळ रस्त्याकडेला पेरूची पाटी घेऊन बसत असे. नगरकडून शिर्डीला जाणारी एक पांढरी गाडी थांबली. लांबलचक बॉनेट, बसका, रुंद बांधा. मालकाने दोन किलो पेरू घेतले. पैसे मोजून होईपर्यंत मी बॉनेटवर तळहात ठेवून उभा होतो. ते गरम होते. ती कॉन्टेसा होती. त्या दिवशी मी मनाशी ठरवले, एक दिवस ही गाडी घ्यायची.

परदेशातल्या खऱ्या स्पोर्ट्स कार आम्ही फक्त कॅलेंडरवर पाहिलेल्या. आमच्या लेखी स्पोर्ट्स कार म्हणजे कॉन्टेसाच. खरी गोष्ट पुढे कळली. हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये बंगालमधल्या उत्तरपाडा येथे ही गाडी काढली, ती व्हॉक्सहॉल या इंग्लिश कंपनीच्या जुन्या मॉडेलवरून. बाहेरून रुबाब मोठा, पण सुरुवातीच्या गाड्यांना इंजिन मात्र अॅम्बॅसडरचेच होते! पुढे इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन आले, तेव्हा कुठे तिच्यात थोडी धमक आली. 2002 च्या सुमारास उत्पादन थांबले. म्हणजे मी ज्या वेगावर भाळलो होतो, तो त्या गाडीत नव्हताच. तो माझ्या सतराव्या वर्षात होता.

नुकताच मी निवृत्त झालो. फंडाचे पैसे आले आणि त्याच महिन्यात नाशिकला एक जुनी कॉन्टेसा विकायला असल्याचे कळले. किंमत साडेतीन लाख. तीन रात्री झोप नाही. मित्र म्हणाले, "साठी बुद्धी नाठी." मी म्हणालो, "साठीला अजून दोन वर्षे आहेत." हसण्यावारी नेले खरे, पण प्रश्न मनात राहिलाच. तरुणपणी राहून गेलेली हौस उतारवयात पुरी करणे चूक आहे का?

पहिले उत्तर सोपे आहे. आनंद म्हणजे पाप नव्हे. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथात खेळ आणि विरंगुळा यांचा विचार केला आहे. तिथे ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत होता, हे पाहून काहींना धक्का बसला. त्यांच्यातल्या एकाकडे धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले, मग आणखी, मग आणखी. शेवटी विचारले, "असे सतत करता येईल का?" तो म्हणाला, "नाही, धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे संत योहान म्हणाला. पैसे साठवावेत, पण हसायचे मात्र नाही, असे ख्रिस्तसभेने आपल्याला कधी शिकवलेले नाही.

दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे. हौसेला मोल नसते म्हणतात, पण मोल असते आणि ते कधी कधी दुसऱ्यालाच द्यावे लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. वीस वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क 2025 मध्ये दहा हजार रुपये करण्यात आले. शिवाय हरित कर वेगळा. हे नियम उगीच नाहीत. त्या काळच्या कार्बोरेटरच्या गाडीत धूर शुद्ध करणारी आजची यंत्रणा नसते. माझ्या हौसेचा धूर शेजारच्या लेकराच्या छातीत जाणार असेल, तर तो हिशोब मलाच मांडला पाहिजे. ब्रेक, टायर यांचेही तसेच. आपल्या शेजारून 2022 मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला. तिथे मोटारी ताशी 120 किलोमीटरने धावतात. अशा रस्त्यावर खिळखिळी गाडी नेणे म्हणजे दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणे. कर्ज काढून, औषधपाण्याचे पैसे मोडून हौस करू नये, हे तर वेगळे सांगायलाच नको. या सगळ्याची तयारी असेल, तरच पुढचा विचार.

माझी ती तयारी होती. तरीही मन शांत नव्हते. अशा वेळी मला सचिन तेंडुलकर आठवला. लहानपणी वांद्र्याच्या घराजवळ उघड्यावरचे एक ड्राइव्ह-इन सिनेमागृह होते. तिथे येणाऱ्या गाड्या पाहत तो भावाबरोबर गच्चीत तासन् तास उभा राही, असे त्यानेच सांगितले आहे. हाच मुलगा पुढे इतका मोठा झाला की ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल 2002 मध्ये त्याला फेरारी भेट मिळाली, तीही मायकेल शूमाकरच्या हातून. तिच्या आयातकराच्या माफीवरून पुढच्या वर्षी बराच गदारोळ झाला. 2011 मध्ये ती फेरारी त्याने विकली. आणि 2020 मध्ये एका मुलाखतीत त्याने लोकांना विनंती केली. व्यावसायिक क्रिकेटपटू झाल्यावर घेतलेली पहिली मारुती 800 आता आपल्याकडे नाही, ती परत मिळाली तर हवी आहे, कोणाला ठाऊक असेल तर कळवा.

फेरारी घरी येऊन गेलेल्या माणसाला मारुती 800 का हवी असावी? वेगासाठी नक्कीच नाही. आपण जुनी गाडी शोधतो, तेव्हा बहुधा त्या दिवसांतला आपला चेहरा शोधत असतो. यातही वाईट काही नाही. फक्त एवढे ओळखावे की गाडी विकत मिळते, ते दिवस मिळत नाहीत.

हे सगळे समजून मी घरी विषय काढला. पत्नी गप्पच राहिली. त्या गप्प बसण्याचा मला राग आला आणि मी बोलून गेलो, "तीस वर्षे तुमच्यासाठीच खपलो ना? मुलीचे नर्सिंग, मुलाचे इंजिनिअरिंग, घराची स्लॅब. स्वतःसाठी काय घेतले मी?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मग हे सगळे हिशोबात लिहून ठेवले होते होय?"

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला खरा प्रश्न कळला. गाडी घ्यावी की नाही, हा तो प्रश्नच नव्हता. मी घरासाठी जे केले, ते देणे होते की उसनवारी? देणे असेल, तर ते परत मागायचे नसते. उसने दिले असेल, तर तसे तेव्हाच सांगायला हवे होते. मी तीस वर्षे प्रेमाच्या नावाने दिले आणि शेवटी व्याजासकट वसुलीला निघालो. त्या कॉन्टेसाची किंमत साडेतीन लाख नव्हती. ती मी माझ्या माणसांच्या उपकारखात्यावर लिहिणार होतो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपण नेहमी धाकट्याकडेच पाहतो. थोरला मात्र अंगणाबाहेर उभा आहे. इतकी वर्षे राबलो, मित्रांबरोबर मौज करायला एक करडूसुद्धा मला मिळाले नाही, ही त्याची तक्रार. करडू मागणे चूक नव्हते. बापाने ते आनंदाने दिले असते, कारण बापाचे जे होते ते त्याचेच होते. चूक ही की तो मुलासारखा राहिलाच नाही, मनातल्या मनात रोजंदारी मोजत राहिला. मी तो दाखला कितीतरी वेळा ऐकला आहे. माझे करडू पांढऱ्या रंगाचे आहे आणि त्याला चार चाके आहेत, हे मात्र कधी लक्षात आले नाही.

दोन दिवसांनी मी पत्नीची माफी मागितली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच विचारले, "तुझे काय राहून गेले?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला लुना हवी होती. शिवणक्लासला जायला. चार किलोमीटर चालत जात होते मी." लुना! 1972 मध्ये बाजारात आलेली, आपल्या नगरच्याच कारखान्यात तयार होणारी साधी मोपेड. ती रस्त्याने चालत असताना तिच्या शेजारून कितीतरी लुना गेल्या असतील. मी मोटारीचे स्वप्न पाहत होतो आणि घरातल्या माणसाचे स्वप्न माझ्या कधी कानावरही आले नाही. तिने त्याचा हिशोब ठेवला नव्हता, म्हणून मला तो दिसला नाही.

गाडी अजून घेतलेली नाही. विकणाऱ्याला ईस्टरपर्यंतची मुदत मागितली आहे. कदाचित घेऊ. मुलगा तर म्हणतो, "पप्पा, घ्याच. मी सुट्टीला आलो की आपण दोघे मिळून दुरुस्त करू." पण मी स्वतःला एक अट घातली आहे. घ्यायची तर निव्वळ आनंदाने घ्यायची. "तुमच्यासाठी मी एवढे केले" हे वाक्य मनातून पुसले गेल्याशिवाय नाशिकला जायचे नाही.

तुमचीही एखादी हौस राहून गेली असेल. कोणाची पेटी शिकायची, कोणाची वेलंकनीची यात्रा, कोणाची बुलेट. जमत असेल तर जरूर पुरी करा. मात्र आधी दोन गोष्टी करा. आपण दिलेले खरोखर दिले होते का, हे स्वतःला विचारा. आणि शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, "तुझे काय राहून गेले?" हा दुसरा प्रश्न आजच दुपारी, जेवताना विचारला तरी चालेल.