कृतज्ञतेची वर्गणी

गेल्या वर्षीं सप्टेंबर महिन्याच्या आरंभीं धाराशिव जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवाहून आमच्या एका स्नेह्यांचें पत्र आलें. पत्रासोबत त्यांच्या चिरंजीवांच्या शाळेनें पालकांस धाडलेलें एक छापील पत्रक होतें. शाळेनें ‘शिक्षक-कृतज्ञता सप्ताह’ साजरा करण्याचें योजिलें होतें. सोमवारीं पुष्पगुच्छ, मंगळवारीं मुलांनीं लिहिलेलीं आभारपत्रें, बुधवारीं गोडाचें जेवण, आणि असें करीत करीत शनिवारीं शाल, श्रीफळ व भेटवस्तु देऊन सर्व गुरुजनांचा सत्कार, असा भरगच्च कार्यक्रम होता. तळाशीं एक ओळ होती: ‘ऐच्छिक वर्गणी, प्रत्येक विद्यार्थ्यामागें रुपये २००.’ ऐच्छिक या शब्दाच्या शेजारीं आंकडा कसा बसूं शकतो, हें कोडें आम्हांस उलगडलें नाहीं. पण तें असो. आमच्या स्नेह्यांचा प्रश्न निराळाच होता. ते लिहितात, “दोनशें रुपये मला जड नाहींत. परंतु मुलाच्या बाकावर शेजारीं बसणाऱ्या मुलाचे आईबाप दसरा झाला कीं कोयता घेऊन ऊंसतोडीस जातात. मीं पैसे दिले, तर त्यांस ‘नाहीं’ म्हणणें कठीण होतें. न दिले, तर मास्तरांविषयीं माझ्या मनांत आदर नाहीं, असें दिसतें. काय करावें?”

प्रथमदर्शनीं हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटला. दोनशें रुपयांसाठीं नीतिशास्त्राचा खल कशाला? देऊन मोकळें व्हावें, असें उत्तर आम्हीं लिहावयासहि बसलों होतों. परंतु लेखणी पुढें जाईना. वर्गणी देणाऱ्यानें आपल्या दातृत्वानें दुसऱ्याची सुटका अवघड करावी, हा त्यांतला पेंच वाटला त्याहून खोल होता.

शिक्षकांच्या गौरवासाठीं पैसा गोळा करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. १९६२ सालीं सर्वपल्ली राधाकृष्णन् राष्ट्रपति झाले व त्याच वर्षापासून ५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊं लागला. शिक्षक-कल्याणाचें राष्ट्रीय प्रतिष्ठानहि त्याच सालचें. शिक्षकदिनीं शाळाशाळांतून कागदी ध्वज विकून त्या निधीसाठीं पैसे जमवीत असत, आणि तो निधि अडचणींत सांपडलेल्या शिक्षकांच्या व त्यांच्या आश्रितांच्या साह्यासाठीं होता. म्हणजे तेथें पैशाचा ओघ गरजवंताकडे वळविलेला होता, हें ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंत मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यांत पालकसंघ शिक्षकांचा असाच सप्ताह साजरा करतात. आमच्या स्नेह्यांच्या शाळेनें ही कल्पना बहुधा तेथूनच उचलली असावी. कल्पना परकी म्हणून ती त्याज्य असें आम्ही म्हणणार नाहीं. शाळेची घंटा तरी कोठें आपली आहे?

परंतु आपल्या परंपरेनें या विषयाचा विचार फार बारकाईनें केलेला आहे, आणि तो विसरून चालणार नाहीं. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्साची कथा वाचकांस ठाऊकच आहे. विद्या पुरी झाल्यावर कौत्स गुरु वरतंतूस दक्षिणा विचारतो. गुरु म्हणतात, तूं केलेली सेवा हीच दक्षिणा. कौत्स हट्टास पेटतो, तेव्हां गुरु रागावून चौदा विद्यांच्या चौदा कोटि मागतात. मग तो रघूच्या दारीं येतो, रघूनें तर यज्ञांत सर्वस्व देऊन टाकलेलें असतें, आणि पुढें कुबेराकडून सुवर्णवृष्टि होते. या कथेंत लोकांच्या लक्षांत राहतें तें सोनें. आमचें लक्ष मात्र दोन गोष्टींकडे जातें. एक, गुरूनें आधीं कांहींच मागितलें नव्हतें. दुसरी, कौत्स विचारतो तो अध्ययन संपल्यावर, आश्रम सोडतांना.

हा ‘संपल्यावर’ शब्द महत्त्वाचा आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत तर स्पष्टच सांगितलें आहे कीं, समावर्तनापूर्वीं शिष्यानें गुरूस कांहीं देऊं नये. स्नानाची अनुज्ञा मिळाल्यावर मात्र यथाशक्ति द्यावें. शेत, सोनें, गाय, घोडा देतां आला तर उत्तमच. न पेक्षां छत्री, पायतण, आसन, धान्य, वस्त्र, फार काय, भाजी दिली तरी चालते. ज्या ग्रंथानें बहुजनांस विद्येचें दारच बंद केलें, त्याचा आधार घेतांना आमचा हात अडखळतो, हें कबूल करावयास पाहिजे. तथापि हें वचन लिहिणाऱ्यास मनुष्यस्वभाव चांगला कळत होता. शिष्य जोंवर गुरूच्या हाताखालीं आहे, तोंवर त्यानें दिलेली वस्तु ही भेट आहे कीं विनवणी आहे, हें देणाऱ्यासहि सांगतां येत नाहीं आणि घेणाऱ्यासहि नाहीं. परीक्षेचे गुण, वर्गांतील जागा, स्नेहसंमेलनांतील भूमिका, हें सर्व ज्याच्या हातीं आहे, त्याला दिलेली पैठणी किंवा घड्याळ निर्मळ कसें राहावें? एकलव्याचा अंगठा तर सर्वांस आठवतोच. द्रोणानें त्यास एक अक्षरहि शिकविलें नव्हतें; दक्षिणा मात्र मागितली, आणि ‘नाहीं’ म्हणण्याची शक्ति त्या मुलांत नव्हती. त्याच्या भक्तीची स्तुति आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलों. मागणाऱ्याविषयीं मात्र फारसें बोललों नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हा फार कडक न्याय झाला. मुलांस कृतज्ञता शिकवावयाची ती केव्हां? मोठेपणीं आपोआप येईल म्हणून सोडून दिली तर ती येत नाहीं. जुन्या पंतोजींच्या शाळेंतहि मुलें धान्य नेत, सणावारीं घरून शिधा जाई. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो हलका मानीत नाहीं. परंतु पंतोजींचा शिधा हा त्यांचा पगार होता. तो न गेला तर पंतोजींची चूल पेटत नसे. त्यास कृतज्ञता म्हणावयाचें तर वाण्याच्या बिलासहि कृतज्ञता म्हणावें लागेल. मुलांस आभार मानावयास शिकवावें, जरूर शिकवावें. मंगळवारचीं तीं आभारपत्रें आम्हांस मनापासून आवडलीं. तीं फुकट होतीं, आणि त्यांत कोणाचें मूल कोणाहून उणें पडत नव्हतें. एवढ्यावरच सप्ताह आटोपला असता, तर हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें.

वर्गणीवर शाळा चालणें यांतहि गैर कांहीं नाहीं. निदान धाराशिव जिल्ह्यानें तरी तसें म्हणूं नये. निजामाच्या राज्यांत, १९२१ सालीं, याच जिल्ह्यांतील हिप्परगें या खेड्यांत राष्ट्रीय शाळा निघाली. राज्याच्या शाळांतून उर्दूचें प्रस्थ होतें, खाजगी शाळेकडे सरकार संशयानें पाही, आणि अशा दिवसांत हें छोटें गुरुकुल लोकांच्या आधारावर उभें राहिलें. १९२९ सालीं तेथें व्यंकटेश खेडगीकर नांवाचे एक तरुण मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ सालीं त्यांनीं संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ पर्यंत ते हिप्परग्यास होते. मग अंबाजोगाईस गेले, आणि पुढें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून सर्व मराठवाड्यास वंद्य झाले. तेथील वर्गणी शाळेसाठीं होती, शिक्षकांच्या सत्कारासाठीं नव्हती, आणि सर्वांत मोठी वर्गणी शिक्षकांनींच आपल्या आयुष्याची घातली होती. त्यांचा खरा सत्कार पुढें फार वर्षांनीं झाला. १९९४ सालीं नांदेडास विद्यापीठ निघालें, त्यास आज त्यांचें नांव आहे. तोंवर त्यांस जाऊन बावीस वर्षें लोटलीं होतीं. घेणाराच नाहीं तेथें लांगूलचालनास जागा राहत नाहीं.

आतां पुन्हां आमच्या स्नेह्यांच्या गांवाकडे. वाशी, कळंब, भूम, परंडा या तालुक्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊंस तोडावयास जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम आधीं उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत पाठीवरचा भारा उतरत नाहीं. अशा घरांतून दोनशें रुपये निघून ते वेतन आयोगाप्रमाणें पगार घेणाऱ्या कायम शिक्षकाच्या शालीस लागावेत, हें मनास पटत नाहीं. परंतु येथें न्याय करतांना सांभाळून बोलावयास हवें, कारण शिक्षक म्हणून जे एका रांगेंत बसतात ते सर्व एका स्थितींतले नसतात. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक शिक्षकास २०२३ पूर्वीं महिना ६,००० रुपये मिळत. त्या वर्षापासून १६,००० मिळूं लागले. विनाअनुदानित शाळांतून तर वर्षानुवर्षें अनुदानाची वाट पाहत जवळजवळ फुकट शिकविणारे आहेत. कोणी सुटीच्या दिवशीं शेतांत राबतो, कोणी दुकानांत हिशेब लिहितो. त्यांची गरज खरी आहे. पण ती शालीची गरज नाहीं. ज्या संस्थेनें आपल्या शिक्षकास पुरता पगार द्यावयाचा, तिनेंच पालकांकडून वर्गणी जमवून त्याच्या खांद्यावर शाल घालावी आणि तिला कृतज्ञता म्हणावें, यांत शिक्षकाचाहि अपमान आहे. शाल पांघरून तो घरीं जातो, तेव्हां घरांतलें माणूस काय म्हणत असेल, याची कल्पना करवत नाहीं. आणि जातां जातां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मुलांस रोज खिचडी शिजवून वाढणाऱ्या बाईचें नांव त्या सहा दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेंत कोठेंच नव्हतें.

सरकारचे नियम रुक्ष असतात. पण कधीं कधीं त्यांत शहाणपण सांपडतें. केंद्र सरकारच्या नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक-नियमांत असें आहे कीं, निरोपसमारंभासाठीं वर्गणी द्या म्हणून कोणावर दडपण आणूं नये, आणि खालच्या वर्गांतील नोकरांकडून पैसे गोळा करून वरच्या वर्गांतील अधिकाऱ्यास मेजवानी देऊं नये. हे नियम शाळेच्या मुलांसाठीं नाहींत, हें खरें. पण मुलाच्या हातीं चिठ्ठी देऊन त्याच्या बापाकडून पैसे मागविणें, यापेक्षां मोठें दडपण आम्हांस तरी सुचत नाहीं. कारकून निदान रजा टाकून त्या दिवशीं घरीं बसूं शकतो. वर्गांत ज्याचें नांव वर्गणीच्या यादींत नाहीं, तें मूल कोठें बसेल?

वर्गणी समान व नगण्य असली म्हणजे हा कांटा बोथट होतो, असेंहि एक मत आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसाफंड काढला तेव्हां माणशीं एकच पैसा मागितला. त्याच पैशांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. श्रीमंताचा पैसा मोठा आणि गरिबाचा लहान, असा भेद त्यांत नव्हता. हा मार्ग आम्हांस बराच पसंत आहे. तथापि पैसाफंडाचा मनुष्य दारावरून गेल्यावर त्याचा आपला संबंध संपे. वर्गशिक्षक मात्र उद्यां सकाळीं पुन्हां समोर असतो.

म्हणून आम्हीं स्नेह्यांस लिहिलें तें असें: तुमच्या चिरंजीवांनीं आभारपत्र लिहावें, दुसरें कांहीं देऊं नये. तुम्ही स्वतः ज्या शाळेंत शिकलां, तिच्यासाठीं द्या. तुम्ही तेथून सुटलां आहां. तुमच्या मास्तरांच्या हातीं आतां तुमचें कांहीं नाहीं. त्यांपैकीं कोणी हयात असतील तर जाऊन भेटा, आणि जे गेले असतील त्यांच्या नांवें ग्रंथालयास चार पुस्तकें द्या. सप्ताहाचा खर्च गांवांत स्थिरस्थावर झालेल्या माजी विद्यार्थ्यांनीं उचलावा, त्यांची यादी भिंतीवर लावूं नये, आणि त्यांतला पहिला वांटा शिक्षणसेवकांस व खिचडीवाल्या बाईस मिळावा, असें पालकसभेंत उभें राहून सांगा. शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत तेव्हां शिकविणारे रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांनीं त्यांतला अर्धा भाग अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिला. शिक्षकांस ही गोष्ट समजत नाहीं असें मुळींच नाहीं. त्यांस कोणी विचारीत नाहीं, इतकेंच. हेंहि सभेंत सांगा, असें आम्हीं लिहिलें.

स्नेह्यांचें उत्तर कार्तिकांत आलें. सभेंत ते बोलले नाहींत. बोलणें सोपें नव्हतें, असें त्यांनीं लिहिलें आहे, आणि आम्ही त्यांस दोष देत नाहीं. आमचें मूल त्या वर्गांत नव्हतें. त्यांनीं आपल्या मुलाचे दोनशें रुपये भरले, आणि शेजारच्या बाकावरील मुलाचेहि गुपचूप भरून टाकले. तें गुपित राहिलें नाहीं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं, ट्रक निघण्यापूर्वीं, त्या मुलाची आई त्यांच्या दारीं आली, पदराची गांठ सोडून तिनें दोनशें रुपये ओट्यावर ठेवले आणि आंत न येतांच परत गेली. ते पैसे मुकादमाच्या उचलींतले होते.