द्वोर्झाकच्या लार्गोबरोबर बारा मिनिटं

दिवेलागणीला गच्चीवर बसा. वाशीम असो, मानोरा असो, सोयाबीन निघाल्यावर या वेळी थ्रेशरची घरघर थांबलेली असते. हेडफोन लावा. आंतोनिन द्वोर्झाकची नववी सिंफनी, पण थेट दुसरा भाग, लार्गो.

आधी पितळी वाद्यांचे मोजके, जड स्वरमेळ येतील. प्रत्येकाबरोबर एक श्वास सोडा. पहिल्या भागाच्या षड्जावरून उचलून ते संगीत दुसऱ्याच षड्जावर आणून ठेवतात.

मग इंग्लिश हॉर्न. सनईसारखंच दुहेरी पत्तीचं वाद्य, आवाज मात्र खालचा, ओलसर. ग प प, ग रे सा. रे ग प ग रे. मनातल्या मनात म्हणून बघा. भूपाचे स्वर! पण हा भूप आहे असं सांगत सुटू नका; पुढच्याच ओळीत शुद्ध निषाद हजर होतो.

द्वोर्झाक हा बोहेमियातल्या खाटकाचा मुलगा. 1892 मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होऊन गेला आणि पुढच्या वर्षी त्याने ही सिंफनी लिहिली. 16 डिसेंबर 1893 ला ती कार्नेगी हॉलमध्ये वाजली. (1922 मध्ये एका शिष्याने इंग्लिश हॉर्नच्या या सुरावटीला शब्द दिले, तेव्हापासून कित्येकांना ते जुनं भक्तिगीतच वाटतं.) आगगाड्यांचं द्वोर्झाकला भारी वेड. आपली पोरंही अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी धरून कामाला बाहेर पडतात. त्यातला एक चेहरा डोळ्यांपुढे आणा. त्याला काही विचारू नका, नुसतं बघा.

मध्ये बासरी आणि ओबो सूर काळवंडून टाकतात, पितळी वाद्यं एकदा पहिल्या भागाची आठवण जोरात करून देतात. ते जाऊ द्या.

आता कान द्या. तंतुवाद्यं मोजकीच उरलीत, आवाज दाबलेला. तीच सुरावट सुरू होते आणि ओळ पुरी व्हायच्या आत थांबते. पुन्हा उचलते, पुन्हा थांबते. ‘बाकी?’ म्हणून माय फोनवर गप्प होते ना, तसं. माझ्या मते या भागाचा सगळा जीव या खंडांत आहे. तिथे मनातही गाऊ नका. सूर तुमच्या ओठांवर येईल, तरी थांबा. पुढची ओळ वाद्यांनाच उचलू द्या.

शेवटी डबल बास खालून एकच स्वरमेळ धरतात. तिसरा भाग धडाक्यात सुरू होतो, तेव्हा तो आज नको असेल तर बोट आधीच बटणावर ठेवा.