शेकाट्याचा नाच

यंदाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी संपादकांनी माझ्याकडे एक फोटो मागितला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या दाराशी जे छोटेसे छायाचित्रप्रदर्शन मांडले होते, त्यात तो होता. काळापांढरा पक्षी, गुलाबी काटकुळे पाय, दोन्ही पंख पसरलेले, चोच उघडी आणि पाय जमिनीपासून वीतभर वर. खाली मी हौसेने शीर्षक दिले होते, 'नाच'. एका काकूंनी तर "अगदी लावणीच हो!" अशी दाद दिली होती. तरीही या वेळी संपादकांना मी नाही म्हणालो. त्यांनी कारण विचारले. ते फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हा लेख.

फ्रीमाँटला येऊन आम्हाला बावीस वर्षे झाली. घरापासून पंधरा मिनिटांवर, डंबार्टन पुलाजवळ, खाडीकाठी पक्ष्यांचे अभयारण्य आहे. १९७४ साली ते स्थापन झाले. या खाडीच्या काठाने पूर्वी मैलोन्‌मैल मिठागरे होती, अगदी आपल्या वसई-भांडुपसारखी, बांध घालून पाणी अडवलेली. २००३ मध्ये त्यांपैकी १५,१०० एकर जागा मीठ कंपनीकडून विकत घेतली गेली आणि तिथे पुन्हा खाडीची दलदल आणि पक्ष्यांसाठी तळी तयार करण्याचे काम सुरू झाले. बगळे, पाणकावळे, पेलिकन आणि आपल्या शेकाट्याचा इथला चुलतभाऊ, असे सगळे तिथे हजर असतात. मुलगी कॉलेजला गेली, शनिवार-रविवार रिकामे झाले आणि मी ४०० मिलिमीटरची लेन्स घेतली. लांबून पाहता यावे म्हणून घेतलेली ती लेन्स घेऊन मी दर आठवड्याला पक्ष्यांच्या आणखी आणखी जवळ जाऊ लागलो, ही गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

तो फोटो मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला. बांधावर 'वाट सोडू नका' अशी पाटी होती. मी वाट सोडली. फार नाही, चारच पावले. तेवढ्यात हा शेकाट्या ओरडत समोर आला, उंच उडी मारून खाली पडला, एक पंख ओढत फरफटत गेला, पुन्हा उडाला. असे काही मी कधी पाहिले नव्हते. दहाएक मिनिटांत साठ-सत्तर फोटो काढले आणि लॉटरी लागल्याच्या आनंदात घरी आलो.

पुढे फेब्रुवारीत अभयारण्याच्या माहिती केंद्रात एका व्याख्यानाला गेलो होतो. तिथे स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका वयस्कर बाईंना मी फोनवरचा तो फोटो अभिमानाने दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि शांतपणे विचारले, "अंडी किती होती?"

मी म्हटले, "कसली अंडी?"

मग त्यांनी सांगितले. शेकाट्या जमिनीवरच, उथळ खळग्यात घरटे करतो. बहुधा चार अंडी असतात. नर-मादी आळीपाळीने सुमारे पंचवीस दिवस ती उबवतात. उन्हाचा तडाखा वाढला की पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवतात. कोणी जवळ आले की उड्या मारायच्या, पंख मोडल्याचे सोंग करायचे आणि त्याला घरट्यापासून दूर न्यायचे, एवढेच हत्यार त्यांच्याकडे आहे. या भागात १९८० च्या सुमारास जेमतेम मूठभर असलेले सीगल आता हजारोंनी आहेत, आणि उघडी पडलेली अंडी त्यांना बरोबर दिसतात. ती दहा मिनिटे मी नाच पाहत होतो, तेव्हा घरट्यावर कोण होते? दोन आठवड्यांनी मी तिथून गेलो होतो. तिथे काहीच नव्हते. पिल्ले निघून चालती झाली की अंडीच गेली, हे मला कधी कळणार नाही.

मला लाज वाटली ती याची, की ही भाषा मला येत होती. माझे आजोळ माणदेशातले. माळावरून चालताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की आजी हात धरून थांबवायची. म्हणायची, "वळसा घाल बाळा. तिचं घर आहे तिथं." आजीकडे दुर्बीण नव्हती, पक्ष्यांचे पुस्तक नव्हते. पण ओरडण्याचा अर्थ 'जा' असा आहे, हे तिला कळत होते. माझ्याकडे सगळे होते, आणि मला तो नाच वाटला.

हे सांगितल्यावर एक मित्र म्हणाला, "तू काय बंदूक चालवलीस का? फोटोच काढलास ना!" मुद्दा अगदीच खोटा नाही. सलीम अलींच्या पक्षीप्रेमाची सुरुवातसुद्धा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली होती. बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे येणे ही प्रगतीच आहे. फोटो पाहून माणसे पक्ष्यांवर प्रेम करू लागतात, हेही खरे.

पण माझ्या हातात काय आहे आणि मनात काय आहे, हे शेकाट्याला कुठे ठाऊक? त्याच्यासाठी जवळ येणारा तो जवळ येणाराच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या टोप्यांना लावायच्या तुऱ्यांसाठी या देशात बगळ्यांची बेसुमार कत्तल झाली. ते तुरे विणीच्या हंगामातच येतात, त्यामुळे आईबाप घरट्याशी मारले जात आणि पिल्ले उपाशी मरत. १९१८ च्या कायद्याने त्याला पायबंद बसला. त्या शिकाऱ्यांची आणि माझी बरोबरी मी करत नाही. पण एक गोष्ट सारखी आहे. पक्षी सर्वांत देखणा दिसतो तेव्हाच तो सर्वांत नाजूक अवस्थेत असतो, आणि नेमके तेव्हाच आपण येतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत कोणी भसकन शिरत नाही. बाळाचे कौतुक असते म्हणूनच दाराशी थांबतात.

दुसरी पळवाट म्हणजे 'मी एकटाच, एकदाच गेलो'. रविवारी त्या बांधावर माझ्यासारखे कित्येकजण असतात आणि प्रत्येकजण एकटाच असतो. आपण आपापली चार पावले मोजतो. बेरीज मात्र पक्ष्याला करावी लागते.

म्हणून मी कॅमेरा विकला का? नाही. पक्षी पाहण्यातला आनंद खरा आहे आणि तो सोडावा असे मला वाटत नाही. आता मी वाटेवरच थांबतो. विणीच्या दिवसांत घरट्याच्या वाटेला जात नाही. जमेल तिथे गाडीतूनच पाहतो, कारण गाडीला पक्षी माणसाइतके घाबरत नाहीत. आणि एकच कसोटी लावतो: माझ्या येण्याने त्याचे काम थांबले का? चरणाऱ्या पक्ष्याने मान वर करून माझ्याकडे रोखून पाहिले, की मी दोन पावले मागे येतो. फोटो लहान येतात. येऊ देत.

तो जुना फोटो मी पुसून टाकलेला नाही. तो घरी माझ्या टेबलावर आहे. फक्त खालचे शीर्षक बदलून 'वळसा घाल' असे केले आहे.

मुखपृष्ठासाठी संपादकांना मी दुसरा फोटो पाठवला आहे. तो जरा किरकोळ वाटेल. खूप दूरवर, ओहोटीच्या पाण्यात, एक शेकाट्या पाठमोरा उभा राहून किडे टिपतो आहे. मी तिथे आहे, याचा त्याला पत्ताही नाही.