थकलेला होकार

‘माझा भूतकाळातील, वर्तमानकाळातील व भविष्यकाळातील पोटगीचा हक्क मी कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने सोडून देत आहे.’ परस्पर संमतीने घटस्फोट घेताना ज्या कन्सेंट टर्म्स तयार होतात, त्यांत या धाटणीचं एक कलम बहुतेकदा असतं, आणि बहुतेकदा ते बायकोच्या नावावर असतं. वकिलाच्या कॉम्प्युटरमध्ये मसुदा तयारच असतो. नावं, पत्ते, लग्नाची तारीख बदलली की कागद सहीला येतो.

‘म्युच्युअलने झालं’ असं नातेवाईक एकमेकांना सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव असतो. तमाशा नाही, आरोप नाहीत, शेजाऱ्यांना साक्षीला बोलावणं नाही. मलाही हा मार्ग मनापासून चांगला वाटतो. एकतर्फी खटल्यात क्रूरता किंवा व्यभिचार सिद्ध करायचा म्हणजे ज्याच्याबरोबर संसार केला त्याची अब्रू कागदोपत्री उतरवायची, आणि हे करता करता मुलं शाळेतून कॉलेजात जायची. त्यापेक्षा दोघांनी शहाणपणाने वेगळं होणं केव्हाही बरं. पण ज्या गोष्टीचं सगळं बळ ‘संमती’वर उभं आहे, तिथे ती संमती कशी मिळाली हे आपण फारसं विचारत नाही. तमाशा झाला नाही एवढ्यावरच आपण खूश होतो.

कायद्याने मात्र हा प्रश्न विचारून ठेवला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचं कलम १३-ब आलं ते १९७६ च्या दुरुस्तीने. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ही सोय होती. सप्तपदी घालून लग्न केलेल्यांना त्यासाठी बावीस वर्षं थांबावं लागलं. त्याच १९७६ च्या दुरुस्तीने कलम २३ मध्ये एक छोटं उपकलमही घातलं: परस्पर संमतीचा घटस्फोट देण्याआधी ही संमती बळजबरीने, फसवणुकीने किंवा अवाजवी दबावाने घेतलेली नाही, याची न्यायालयाने स्वतः खात्री करायची. दोघंही ‘हो’ म्हणत असले तरीही.

प्रत्यक्ष प्रक्रिया सांगायला सोपी आहे. नवरा-बायको किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. वेगळे म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. एका छपराखाली राहूनही पती-पत्नीचं नातं उरलेलं नसेल तर कायदा ते वेगळं राहणंच मानतो. मुंबईत दुसऱ्या खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून एकाच घरात अबोल्याने राहणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. मग दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालय आहे. तिथे विवाह समुपदेशक दोघांशी बोलतात, कारण समेटाचा प्रयत्न करणं हे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं आहे. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की आमचं म्हणणं कायम आहे. मग डिक्री. संमतीने झालेल्या या डिक्रीवर अपील नाही. म्हणून सहीच्या आधी जे बोलायचं राहिलं, ते बोलायला नंतर जागाच उरत नाही.

हे सहा महिने कशासाठी? याचं सगळ्यात चांगलं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलं. प्रकरण हिमाचल प्रदेशातलं. १९६८ मध्ये लग्न झालेलं जोडपं. जानेवारी १९८५ मध्ये दोघांनी जिल्हा न्यायालयात परस्पर संमतीचा अर्ज केला, जबाब नोंदवले गेले. त्यानंतर पत्नीने न्यायालयाला कळवलं की मला हा घटस्फोट मान्य नाही. तिचं म्हणणं असं होतं की तो जबाब नवऱ्याच्या दबावाखाली आणि धमकीमुळे दिला. अर्ज करण्याआधी मला माझ्या नातेवाइकांना भेटू दिलं नाही, त्यांचा सल्ला घेऊ दिला नाही, आणि त्यांना माझ्यासोबत न्यायालयात येऊही दिलं नाही. जिल्हा न्यायालयाने अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने मात्र घटस्फोट दिला, कारण एकदा खुल्या मनाने दिलेली संमती एकतर्फी मागे घेता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. मधला काळ विचार करण्यासाठी आणि आप्तांचा, मित्रांचा सल्ला घेण्यासाठी ठेवलेला आहे. या काळात मन बदलू शकतं, आणि बदललं तर त्याला किंमत आहे. संमती अर्जाच्या दिवशी असून भागत नाही, ती डिक्रीच्या क्षणापर्यंत टिकली पाहिजे.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती धमकी नव्हे. त्या बाईचं तिथे एकटं असणं मला जास्त बोचतं. धमकी न देताही माणसाला एकटं पाडता येतं. माहेरचे म्हणतात, ‘बाई, आता संपव एकदाचं.’ भाऊ म्हणतो, ‘किती दिवस कोर्टात फेऱ्या मारायच्या?’ वकील दोघांचा मिळून एकच असतो, त्याची फी नवऱ्याने दिलेली असते, आणि तो कागद वाचून दाखवतो तेव्हा त्याचं बोट थेट सहीच्या जागेवर जातं. यात कुणी गुन्हा केलेला नाही. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश विचारतात, ‘कुणाचा दबाव आहे का?’ ती ‘नाही’ म्हणते आणि खरंच बोलते. तिच्यावर दबाव नाही, ती थकलेली आहे. बळजबरी, फसवणूक, दबाव यांची नोंद कायद्याच्या भाषेत घेता येते, पण थकवा मोजण्याचं कोणतंच माप न्यायालयाकडे नाही. तो ओळखायचा तर जवळच्या माणसांनीच, आणि त्यांतलं सगळ्यात जवळचं माणूस समोरच सही करायला बसलेलं असतं.

मोकळीक मिळवण्यासाठी आपलं काही सोडून द्यायचं, ही आपल्याकडे जुनी रीत आहे. रखमाबाईंचं प्रकरण आठवा. लहानपणी लावलेलं लग्न त्यांनी नाकारलं, १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजी मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला त्यांनी दीर्घकाळ काम केलं. पण घटस्फोटाचा कायदाच नव्हता. लग्न कागदावर तसंच राहिलं, आणि १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचा वेश घेतला. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं. आज कुणाला असे दोन हजार मोजावे लागत नाहीत. त्याऐवजी पोटगी सोडतात, स्त्रीधनाचे दागिने ‘मिळाले’ असं न मिळताच लिहून देतात, आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात.

इथे पैशाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण संमतीचा गाभा बहुतेकदा तिथेच असतो. महाराष्ट्रातल्या हिंदू स्त्रीला लग्नानंतर नवऱ्याच्या नावावर घेतलेल्या घरात आपोआप वाटा मिळत नाही. तिने बारा वर्षं दोन मुलं आणि सासू-सासरे सांभाळले म्हणून त्याला फिरतीची नोकरी करता आली, हप्ते भरता आले, हे सगळं खरं असलं तरी सातबारावर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्याची नोंद नसते. बांदा ओलांडून पत्रादेवीला गेलं की चित्र बदलतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक असते आणि अर्धी बायकोची असते. म्हणजे सावंतवाडीची बाई आणि पेडण्याची बाई याच विषयावर बोलायला बसल्या, तर एकीच्या हातात अर्धं घर असतं आणि दुसरीला ‘तुला किती हवेत?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. ज्याला मागावं लागतं त्याचा ‘हो’ आणि ज्याचं आधीच आहे त्याचा ‘हो’ एकसारखा कसा असेल? वैवाहिक मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याचा प्रयत्न केंद्रानेही करून पाहिला. राज्यसभेने २०१३ मध्ये तसं विधेयक मंजूर केलं होतं. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. पुढे ते कुणी नेटाने उचलून धरलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

तोवर निदान एक गोष्ट माणसांना आपणहून करता येईल. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करायची. हे भांडणाच्या खटल्यांसाठी होतं. जे भांडत नाहीत, एकमेकांचा मान राखून वेगळं व्हायचं म्हणतात, त्यांनी तर हे कुणी न सांगता करायला हवं. पगाराच्या स्लिपा, पीएफ, म्युच्युअल फंड, गावची जमीन, कर्ज, सगळं एका कागदावर लिहून समोर ठेवायचं आणि मग बोलायचं. समोरच्याला ठाऊकच नसलेल्या रकमेवर त्याची संमती घेणं ही माझ्या लेखी फसवणूकच आहे, मग ते कायद्याच्या व्याख्येत बसो वा न बसो.

नवऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती टाळून चालणार नाही. कधी पत्नीच्या छळाबद्दलच्या ४९८-अ कलमाखाली (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) गुन्हा नोंदवून म्हाताऱ्या आईवडिलांना त्यात ओढलेलं असतं, आणि ‘सही केलीस तर गुन्हा रद्द करायला (क्वॅशिंगला) नाहरकत देते’ असा सौदा होतो. तो नवराही थकूनच सही करतो. दुसऱ्या तारखेच्या तोंडावर रक्कम वाढवण्यासाठी संमती मागे घेण्याची भीती घालणारे दोन्ही बाजूंना भेटतात. १९९१ च्या निकालाने जो हक्क दुबळ्याच्या रक्षणासाठी दिला, त्याचं असं हत्यार केलं की पुढच्या खऱ्या दुबळ्याकडेही संशयाने पाहिलं जातं.

सहा महिन्यांची अट आता लवचीक झाली आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ती सक्तीची नाही. दीड वर्षाहून अधिक काळ दोघं वेगळे राहत असतील, समेटाचे सगळे प्रयत्न संपले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा खरोखर मिटला असेल आणि थांबण्याने केवळ यातनाच वाढणार असतील, तर ती माफ करता येते. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०२३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: लग्न पूर्णपणे मोडलं असेल तर सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात ते संपवू शकतं. पाच वर्षं वेगळे राहणाऱ्यांना आणखी सहा महिने ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही, हे मला पटतं. पण २०१७ च्या निकालातल्या ‘खरोखर मिटला असेल’ या अटीकडे घाईघाईने पाहू नये असंही वाटतं. मुदत माफीचा अर्जही दोघांचा मिळूनच असतो, आणि घाई बहुधा एकालाच असते. त्याचं पुढचं लग्न ठरलेलं असतं किंवा परदेशातली नोकरी वाट पाहत असते.

मुलांबाबत मात्र संमतीला मर्यादा आहे. ‘मला मुलगी द्या, मी तिच्यासाठी काही मागणार नाही’ असं लिहून देणाऱ्या आया पुष्कळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की आई स्वतःचे हक्क सोडू शकते, मुलीचे नाही. ते हक्क तिच्या मालकीचेच नसतात. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी बाप अशा कागदाच्या आधारावर शाळेच्या फीपासून मोकळे झाल्यासारखे वागतात.

गावाकडे अजून एक घात होतो. पंचांसमोर किंवा नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतात आणि झालं असं मानतात. ज्या समाजांत काडीमोडीची रूढी पूर्वापार आहे तिला हिंदू विवाह कायद्याने जागा ठेवली आहे, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. ती सिद्ध झाली नाही, तर त्या कागदाच्या जिवावर केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, आणि सगळ्यात जास्त हाल त्या लग्नातल्या बाईचे होतात.

म्हणून ज्यांच्या घरात अशी बोलणी चालू आहेत त्यांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. वकील दोघांचा एक असला तरी चालेल, पण मसुदा सहीला येण्याआधी दोघांनी एकदा तरी स्वतंत्र सल्ला घ्यावा. पैसे नाहीत ही अडचण बाईला तरी येऊ नये: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. आणि त्या सल्ल्याला तिला घेऊन जाण्याचं काम ‘संपव एकदाचं’ म्हणणाऱ्या भावाने करावं.